दुपारचं नेट

नेटवाला : नेटच्या डब्याचे दिवे तर सगळे हिरवे आहेत, मॅडम. त्यात खोट दिसत नाही. आता ते मदतीचं बटण द्या. तुमच्या वडिलांच्या गळ्यात असायचं ते.

बहीण : हे घ्या. दोरी डॉक्टरांनी कापली, तपासताना.

नेटवाला : असू दे, दोरीचं काही नाही. सर, तुम्ही आहात ना लाइनवर? मी माझा फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलाय.

भाऊ : आहे. मला एकच गोष्ट कळायला हवी. अप्पा पडले त्या दुपारी हे बटण का वाजलं नाही. बाकी पाल्हाळ नको.

नेटवाला : तेच बघतोय, सर. काय होतं, हे बटण थेट फोनशी बोलत नाही. दाबलं की आधी या पांढऱ्या डबीला कळतं, मग डबी नेटवरून मॅडमच्या फोनला कळवते. म्हणजे बिघाड तीन ठिकाणी असू शकतो. बटण, डबी, नाहीतर नेट.

भाऊ : माणूस जमिनीवर पडलाय आणि तुमचं तीन ठिकाणी बिघडू शकतं. बसवताना हे बोलला होतात?

नेटवाला : बोललो असेन, सर. म्हणजे, सगळं एकाच नेटवर चालतं एवढं तर आम्ही सांगतोच. बसवायला मीच आलो होतो.

भाऊ : नेटचं मला सांगितलं होतंत. ताईला सांगितलंत का?

बहीण : मला बटण दाखवलं, दाबून दाखवलं, माझा फोन वाजला. मी म्हटलं, झालं. कामावर जायला उशीर होत होता.

भाऊ : आणि अप्पांच्या खोलीतल्या कॅमेऱ्यात मला नुसती भिंत का दिसतेय? तिथे काय चाललंय ते कळत नाहीये.

बहीण : मीच वळवलाय तो.

भाऊ : का?

बहीण : आता कुणाला बघायचंय तुला?

नेटवाला : मॅडम, तुमचा फोन देता जरा? दाबून बघू.

बहीण : घ्या.

नेटवाला : दाबतो हं. आलं बघा. सर, आवाज ऐकलात ना? ‘मदत हवी’ असं आलंय.

भाऊ : ऐकला. म्हणजे आज वाजतं आणि त्या दिवशी वाजलं नाही.

नेटवाला : लांबून बघू. दारातून वाजतंय. पलंगापाशी वाजतंय. या कपाटाच्या आडोशालाही वाजतंय. आजोबा कुठे सापडले होते?

बहीण : पलंग आणि कपाटाच्या मधे. तुम्ही उभे आहात तिथेच.

नेटवाला : अरे. हो का.

बहीण : बाजूला होऊ नका, चालेल. जागेला काय झालंय.

नेटवाला : नाही, तसं नाही. इथूनही वाजतंय. आणि सेल भरलेला आहे, सर. बटणाला नावं ठेवता येणार नाहीत.

भाऊ : मग राहिलं नेट. मी महिनोन्‌महिने हेच तर सांगतोय. दुपारी जेवणं झाली की कॅमेरा जातो. स्क्रीन काळी ती काळीच. तुमची माणसं येतात, ‘आता बघा सर’ म्हणतात, दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

नेटवाला : सर, वायर बदलली, डबा बदलला, खांबावरची जोडणी बदलली. वरच्या मजल्यावर त्याच वायरवर नेट आहे, त्यांची एक तक्रार नाही. आता फक्त मी बदलायचा राहिलोय.

भाऊ : विनोद नको.

नेटवाला : चुकलं, सर. पण एक शंका आहे. लाइन जाते तेव्हा डबा चालूच असतो, नुसता लाल दिवा लागतो. इथलं तसं नाही. आमच्या ऑफिसातून बघितलं की डबाच बंद झालेला दिसतो. म्हणजे त्याची वीज जाते. मॅडम, दुपारी लाइट जातात का?

बहीण : नाही जात.

भाऊ : ताई, कामावर निघताना तू बोर्ड बंद करत होतीस का? तुला सवय आहे. पंखा, दिवा, जे दिसेल ते बंद करत सुटायची. बिल वाचवायला केलं असशील तर आत्ताच सांग.

बहीण : मी सकाळी निघते. तुझा कॅमेरा दुपारी जायचा. मी लॅबमधून हात लांब करून बंद करत होते का?

भाऊ : मी नुसतं विचारलं.

बहीण : नुसतं नाही विचारलंस. अप्पा गेल्यापासून तू हेच विचारतोयस, शब्द बदलून बदलून. म्हणून तर यांना बोलावलंस.

नेटवाला : डब्याचा प्लग पलंगाच्या उशाशी आहे. ढिला नाही. स्विचही घट्ट आहे, ठणठणीत. एरवी आम्ही डबा बाहेरच्या खोलीत बसवतो, पण सर म्हणाले होते की आजोबांच्याच खोलीत हवा.

भाऊ : कॅमेऱ्याला नेट पुरावं म्हणून.

नेटवाला : बरोबर. मॅडम, दुपारी घरात कोण असायचं?

बहीण : अप्पा.

नेटवाला : आणि?

बहीण : आणि कोण असणार? मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते, ती संध्याकाळी येते. त्यांचं ताट झाकून ठेवून जायचे.

नेटवाला : मग हा स्विच...

भाऊ : काय, बोला ना.

नेटवाला : काही नाही, सर. मी जरा जिन्यात थांबू का? तुमचं घरातलं बोलणं होऊ दे.

बहीण : इथेच थांबा. फोन तुमचा आहे. आणि तुमच्यावर उगाच आळ नको. हे बघ, डबा अप्पा बंद करायचे.

भाऊ : काय म्हणालीस?

बहीण : अप्पा बंद करायचे. हाच स्विच. ताट बाजूला सारलं की खट्. आणि चहाच्या वेळी उठले की परत लावायचे.

भाऊ : कशाला?

बहीण : तू बघू नयेस म्हणून.

नेटवाला : सर? आहात ना?

भाऊ : आहे. तुला हे कधीपासून माहीत होतं?

बहीण : एकदा मी अंगात कसर होती म्हणून घरी राहिले होते, तेव्हा पाहिलं. म्हटलं, अप्पा, हे काय. तर म्हणाले, जेवल्यावर जरा मोकळं बसू दे गं. एवढंच बोलले. मी परत विषय काढला नाही.

भाऊ : मी इथे वेड्यासारखा तक्रारी करतोय, परक्या माणसांवर ओरडतोय, आणि तू गप्प.

बहीण : बोलले असते तर काय केलं असतंस?

भाऊ : समजून घेतलं असतं.

बहीण : टॉवेल टाकला तेव्हा घेतलंस का समजून?

भाऊ : कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला होता त्यांनी. दिसेनासं झालं म्हणून मी घाबरलो. कॅमेऱ्यातूनच काढा म्हटलं. यात काय चुकलं माझं?

बहीण : भिंतीतून आवाज आला, अप्पा, टॉवेल काढा. हातातलं फुलपात्र पडलं त्यांच्या. मी पुसलं ते पाणी. अप्पा, शर्ट घाला. अप्पा, गोळी राहिली. अप्पा, खिडकीतून वाकू नका. अरे, उभा जन्म ट्रकच्या केबिनमध्ये काढलेला माणूस. सोबत क्लीनरसुद्धा नको असायचा. म्हणायचे, बडबड सहन होत नाही. आणि म्हातारपणी त्यांना भिंत बोलायला लागली.

भाऊ : काळजी होती म्हणून बोलत होतो.

बहीण : काळजीच होती. ते मी कुठे नाकारतेय?

भाऊ : नाही, तू ऐक. दुपारी आम्हाला जेवणाची सुट्टी असते. तेवढाच वेळ माझा. बाकीचे मोबाइलवर काय काय बघतात, मी जेवणाचा डबा उघडायचो आणि अप्पांना लावायचो. ते काही करत नसायचे. पेपर घेऊन बसायचे, नाक खाजवायचे. मी जेवायचो आणि बघायचो. मग हळूहळू रोज त्याच वेळेला काळं दिसायला लागलं. म्हणून मी एवढा मागे लागलो होतो.

बहीण : हे तू कधी बोलला नाहीस.

भाऊ : यात बोलण्यासारखं काय आहे?

बहीण : मला वाटायचं तू त्यांच्यावर नजर ठेवतोस. आणि माझ्यावर.

भाऊ : तुझ्यावर कशाला ठेवू?

बहीण : ताटात किती वाढलं ते विचारायचास ना.

भाऊ : ते बारीक दिसत होते गं.

नेटवाला : मी मधे बोलतो, माफ करा. सर, त्या दुपारी डबा बंद होता, असं धरलं तर बाकी सगळं जुळतं. नेट नसलं की बटण दाबूनही बाहेर काही जात नाही. त्यावर लाल दिवा तेवढा लुकलुकतो.

बहीण : मला वाटायचं बटणाचं त्याचं त्याचं चालतं. आत सेल होता ना. विजेरीसारखं. नेट गेलं तर तुझा कॅमेरा जाईल, बटण गळ्यात आहेच, म्हणून मी निर्धास्त होते. कामावर दिवसभर निर्धास्त असायचे मी.

भाऊ : बटण नेटवर चालतं, हे मला माहीत होतं.

बहीण : आणि नेट बंद असतं, हे मला. आपण दोघं रोज फोनवर बोलत होतो. भाजी काय केली, बिल भरलं का.

भाऊ : अप्पांना ठाऊक होतं का? स्विच बंद केला की बटणही मेलं, हे?

बहीण : नाही. ठाऊक असतं तर त्यांनी हात लावला नसता. मरायची हौस नव्हती त्यांना. त्याच दिवशी सकाळी म्हणाले, चष्म्याची दांडी ढिली झालीय, येताना दुकानात टाक. चष्मा माझ्या पर्समध्येच होता.

भाऊ : म्हणजे चष्म्याशिवाय उठले होते.

बहीण : हो.

नेटवाला : मॅडम, पाणी आणू का तुम्हाला?

बहीण : नको.

भाऊ : ताई, त्या तासाभरात ते काय करायचे?

बहीण : काही नाही. बनियन काढायचं, खुर्ची खिडकीशी ओढायची आणि पाय कठड्यावर टाकायचे. खालून ट्रक गेला की गियरचा आवाज ऐकायचे आणि त्या ड्रायव्हरला शिव्या घालायचे.

भाऊ : कसल्या शिव्या?

बहीण : असल्या की मी घरी होते त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसले.

भाऊ : मी अप्पांच्या तोंडून कधी शिवी ऐकली नाही.

बहीण : तुझ्यासमोर जपून बोलायचे ते. पोरगं शिकलंय, त्याला आपला गावंढळपणा नको दिसायला, असं म्हणायचे. शर्टाची गुंडी लावायचे तू फोन केलास की.

भाऊ : तो कॅमेरा काढून टाका.

नेटवाला : आत्ता काढू, सर?

भाऊ : ताईला विचारा.

बहीण : काढा. भोकं पडतील भिंतीला, पडू देत.

भाऊ : ताई, एक विचारतो. खरं सांगशील ना?

बहीण : विचार.

भाऊ : पडल्यावर बटण दाबलं होतं का त्यांनी?

बहीण : नाही.

भाऊ : तुला कसं माहीत?

बहीण : तुला तेव्हाच सांगितलं होतं की. कपाटाची कड लागली डोक्याला. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्याच गेले. हात उचलायलासुद्धा वेळ मिळाला नसणार.

भाऊ : मी पोचेपर्यंत तुम्ही सगळं उरकलं होतं. मला चेहराही बघायला मिळाला नाही. म्हणून परत परत विचारतो.

बहीण : विचार ना. चेहरा शांत होता.

भाऊ : म्हणजे नेट चालू असतं तरी...

बहीण : तरी काही उपयोग नव्हता. तुझा दोष नाही, माझा नाही, या माणसाचाही नाही. मनाला लावून घेऊ नकोस. जेवलास का?

भाऊ : नाही अजून.

बहीण : मग जेव जा. रविवारी फोन कर.

भाऊ : ठेवतो. आणि ते तुम्ही, ऐकताय ना? मी आधी फोनवर चढ्या आवाजात बोललो होतो.

नेटवाला : असू दे हो, सर. रोजचंच आहे आमचं.

(फोन बंद होतो.)

नेटवाला : हा घ्या तुमचा मोबाइल, मॅडम. मघाशी माझ्याच हातात राहिला.

बहीण : ठेवा तिथे.

नेटवाला : एक सांगायचं होतं. मुद्दाम नाही बघितलं मी. बटण तपासताना खालचे, आधीचे निरोपही दिसले. आजोबा पडले त्या तारखेचे.

बहीण : माहीत आहे मला.

नेटवाला : पुष्कळ आहेत.

बहीण : त्यांना नेल्यावर मी या खोलीत आले. बोर्डावरचा हा स्विच बंद दिसला, हातासरशी चालू केला. आणि थोड्या वेळानं फोन वाजायला लागला. मदत हवी, मदत हवी. थांबेचना. शेजारणीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

नेटवाला : डबी धरून ठेवते ते. नेट आलं की सगळं एकदम सोडते. मी... हे असं कुणाच्या बाबतीत होईल, हे डोक्यातच आलं नव्हतं माझ्या.

बहीण : प्रत्येक निरोपावर वेळ आहे. मी वाचलेत सगळे. शेवटचा, मी खालच्या दुकानात पाव घ्यायला थांबले होते तेव्हाचा आहे.

नेटवाला : मॅडम, सरांकडेही हे जात नाहीत ना?

बहीण : नाही. बटणाला माझाच नंबर लावलाय. तुम्हीच लावला होतात.

नेटवाला : हो, मीच. पण एवढं तुम्ही एकट्यानं मनात ठेवणार? तो मुलगाच आहे ना त्यांचा.

बहीण : मला लॅबमध्ये दिवसभर माणसं भेटतात. संध्याकाळी वरच्या वहिनी येऊन बसतात. झोप नाही आली तर त्यांचं दार वाजवता येतं मला. तो तिकडे एकटाच राहतो.