सहीच्या खालची ओळ

वरचं त्याचं, तर मग खालचं कुणाचं? सांगा की! तुम्हाला सांगतो, नगरला माळीवाड्यातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात हा प्रश्न मी गळा फाटेस्तोवर विचारला, आणि उठून जावं म्हणलं तर उठायला जागा नाही! प्लायवूडचं एवढंसं खोपटं. मी भिंतीला चिकटलेला, माझ्या मांडीला मांडी लावून योगेशच्या ऑफिसातला छगन, त्याच्या डोक्यावर वाकलेले दुकानवाले काकासाहेब, आणि दारात खुर्ची अडकवून सहादेवमामा, म्हणजे माझ्या वहिनीचे वडील, पुणतांब्याचे. मामा उठल्याशिवाय कुणी बाहेर पडणार नाही, आणि मामा उठणार का? छ्या!

योगेश माझा थोरला भाऊ. तो पुण्यात कॉम्प्युटरवर, मी नेवाशात टेम्पोवर. ऑफिसातून फुकट जातं म्हणून तो काकासाहेबांच्या पत्त्यावर ईमेल टाकायचा, काकासाहेब छापून ठेवायचे, मी मार्केटला माल उतरवला की घरी घेऊन जायचो. शेवटचा आला तो दुपारी. वर लिहिलेलं, मी खुशाल आहे, आईच्या गोळ्या चुकवू नको, टेम्पो हळू चालव. मला सांगतोय, हळू चालव! आणि त्याच संध्याकाळी शिरूरच्या अलीकडं स्वतः मोटारसायकलवर, समोरून डंपर... जाऊ द्या.

तर त्या मेलात अगदी खाली एक ओळ : मुलगी झाली तर नाव सायली ठेवा. वहिनीला तेव्हा दिवस भरत आलेले. झाली मुलगीच. बारसं उद्यावर आलं, घुगऱ्या भिजत घातल्या, आणि हा छगन योगेशचं सामान द्यायला आला तो म्हणतो, बघू तरी शेवटचा मेल! म्हणून मामांसकट दुकान गाठलं. छगननं खिशातनं त्याच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी काढली, खटखट केलं, आणि चष्मा वर सारून म्हणला, "हे बघा, वरच्या भागावर त्याची सही आहे. खालच्या ओळीवर नाहीये."

आता ही सही पेनाची नाही बरं का! त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरच सही करतो, मधलं एक अक्षर कुणी बदललं तरी लगेच बोंब मारतो. पण सही झाल्यावर खाली जे लिहाल, ते बेवारस!

मामांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांना नातीला आपल्या आईचं नाव द्यायचं, रतन. खुर्चीतून बोट नाचवलं, "कोंडीराम, तूच लिव्हलं असशील ते. सदानकदा हितंच पडलेला असतोस!"

"मी? अवो मामा, ते इंग्रजी अक्षरात हाय सगळं! मला माझं नाव लिव्हायला अर्धा दिवस लागतो!"

"मग खालचं कुणाचं?"

घ्या! माझाच प्रश्न माझ्याच अंगावर!

काकासाहेब म्हणाले, भांडू नका, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडू. उघडला. सगळ्या पत्राच्या डोक्यावर हिरवी खूण! मी ओरडलो, "बघा, सगळं त्याचंच हाय!" छगन कसा म्हणतो, "हा प्रोग्रॅम बावळट आहे, थोडी सही दिसली की सगळ्यालाच पास करतो." अरे, असा मास्तर आम्हाला का नाही मिळाला? तिसरा उघडला. त्यानं पार वरपासून खालपर्यंत लाल पट्टा ओढला, म्हणजे आईच्या गोळ्यासुद्धा खोट्या! परत छगनचा उघडला. तो सगळ्यांत शहाणा. त्यानं सहीच्या मजकुराला चौकट आखली. खुशाली आत, गोळ्या आत, टेम्पो आत, आणि सायली बाहेर. अकरा दिवसांची पोर, अजून नाव नाही, आणि आत्ताच बांधाच्या पलीकडं!

एकाच माणसाचं एकच पत्र आणि त्याला तीन तोंडं. मग खालचं कुणाचं?

आणि तेवढ्यात मला आठवलं... ताक! प्यायचं नव्हे हो, पत्रातलं, ता. क.! योगेश होस्टेलला असताना पत्र यायचं, वर सगळं खुशाल, खाली झोकात सही, आणि सहीच्या खाली ता. क., चप्पल तुटली. ता. क., ताप आहे, आईला सांगू नको. कामाचं जे काही ते कायम सहीच्या खाली! आपल्यात सगळेच तसं लिहितात की! सही केल्यावरच खरी गोष्ट आठवते माणसाला!

मी हे सगळं एका दमात सांगितलं. काकासाहेब मान हलवायला लागले. छगनसुद्धा हळूच म्हणला, "तुमचं पटतंय मला. पण प्रोग्रॅमला कसं पटणार? त्या ओळीसकट त्यानं पुन्हा सही करायला पाहिजे."

"मग बोलवा की त्याला!" मी म्हणलो. "बोलवा! करंल सही! बोलवा!"

मामांनी टोपी काढली, परत घातली, आणि उठले. दार मोकळं झालं. तुम्हाला सांगतो, इतका वेळ बाहेर पडायला तडफडत होतो, आता मलाच उठता येईना. समोर ती चौकट तशीच, आणि ओळ तशीच बाहेर.

घरी वहिनीनं विचारलं, "भावोजी, ती ओळ ह्यांचीच ना?" मी म्हणलो, "कॉम्प्युटर नाही म्हणतो." ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं."

आम्हाला बहीण नाही. दुसऱ्या दिवशी आत्याच्या पाटावर मीच बसलो, मिशीसकट. पाळण्यात वाकलो, पोरीच्या कानात कुर्र केलं, सायली म्हणलो, आणि रिवाजच आहे, मागनं साऱ्या बायकांनी पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. शेवटची बुक्की बाईची नव्हती. वळून बघतो तर मामा! हात तसाच माझ्या पाठीवर.

डोळ्यांतनं पाणी थांबेना. सगळ्यांना सांगितलं, मामांचा हात लई जड हाय.