कापशी पिल्लांपाशी बसत नाही

—नाही हो, चावतात कसली, डोळेच आत्ता कुठे उघडलेत त्यांचे. सून टोपली घेऊन आत गेलीय, जनावरांचे डॉक्टर सशाच्या पिल्लांची पोटं तपासतायत. तुमचं मांजर मात्र माझ्याकडे टक लावून बसलंय, त्याला सांगा बाई, मांडीवरचं हे सशाचं नाही, माणसाचं पिल्लू आहे. झोपलंय, म्हणून हळू बोलते. तुमचा नंबर यायला वेळ आहे ना? मग ऐका. एका घरी एक सासू होती, एक सून होती, सुनेचं तान्हं बाळ होतं आणि कापशी नावाचा पांढराशुभ्र ससा होता. मुलगा लांबच्या गावी कामाला, तो सुट्टीपुरता घरी, त्याला गोष्टीत धरू नका. ससे खरं तर दोन आणलेले. दुकानदार म्हणाला, दोघी सख्ख्या बहिणी आहेत. थोड्या दिवसांत कळलं, त्यातली एक बहीण मिशा पिळणारी निघाली! तिला परत दुकानात धाडली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. कापशी पोटुशी.

सुनेनं लाकडी खोक्यात सुकं गवत घालून दिलं, पालेभाजी निवडून दिली, सगळं केलं. एक दिवस सासू बघते तर कापशी स्वतःच्या छातीचे केस उपटतेय, मूठ मूठ! सासूला वाटलं, हिला खरूज झाली, तेल चोळावं. सून म्हणाली, राहू द्या, पिल्लांसाठी गादी करतेय ती. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्या केसांच्या गादीत पाच जीव — अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, करंगळीएवढे. हात लावायची भीती वाटावी असे.

आता सासू दिवसभर घरीच. बाळाला झोळीत घालायचं आणि खोक्याकडे बघत बसायचं. आणि कापशीनं काय करावं? पिल्लं खोक्यात, आणि ही बया खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाला खात बसलेली! जवळ जाणं नाही, चाटणं नाही, ढुंकून बघणं नाही. मांजर कशी पिल्लांना पोटाशी घेऊन पडते — तसलं काही नाही. मला — म्हणजे सासूला — असा संताप आला. जिन्यात शेजारीण भेटली, तिला म्हटलं, आमच्याकडे आयांना वळणच असं लागलंय, पिल्लं टाकायची नि आपण हिंडायचं. शेजारीण हसलीच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. मी वळले तर दोन पायऱ्या खाली सून. दोन्ही हातांत पिशव्या. तिनं पिशव्या सावरल्या नि वर गेली.

सून कपड्यांच्या कारखान्यात जाते, शिवणी तपासायला. सकाळी बाळाला पाजून निघते, संध्याकाळी येऊन चपलाही न काढता पाजते. मध्ये ते माझ्याकडे... हो, मीच. आता किती वेळ सासू सासू करू? तुम्ही ओळखलंच होतंत, तुमच्या तोंडावर दिसतंय.

तर मी म्हटलं, आई बघत नाही तर मी बघेन. तीन पोरं वाढवलीत. खोकं उचललं, माझ्या खोलीत आणलं, दार लावून घेतलं. गाईचं दूध कोमट केलं नि कापसाच्या बोळ्यानं एकेकाच्या तोंडात पिळलं. जीव तो केवढा, त्याच्या तोंडात मावणार ते किती! कापशी बाहेर दार खरवडत होती. मला वाटलं, आता सुचतंय होय तुला? उघडलं नाही मी. सकाळी चार पिल्लं वळवळत होती, पोटं फुगून ढोल झालेली, आणि पाचवं गार. नाकाशी दूध सुकलेलं.

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते पाचवं रुमालात गुंडाळलं, बाकीची कापशीच्या खोलीत नेऊन ठेवली नि मग एवढंच म्हणाली, "आई, ती लांब राहते ती त्यांच्यासाठीच. तिच्या वासावर कुणी येऊ नये म्हणून. पहाटे येऊन पाजते आणि जाते." बस. कारखान्याला उशीर होत होता तिला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी दाराच्या फटीशी बसले. आली हो कापशी. खोक्यात शिरली, पिल्लांवर उभी राहिली, आणि ती चारही उताणी होऊन अशी लुचली, अशी लुचली — चहाला आधण येईपर्यंत आटोपलंसुद्धा. मग केस नीट सारून पिल्लं झाकली आणि जाऊन बसली आपल्या कोपऱ्यात, जणू तिचा कुणाशी संबंधच नाही. मी तिथून उठले ती तडक फ्रीजपाशी बाई. आत बाटली होती.

कसली म्हणजे — सुनेच्या दुधाची. कारखान्यात कापडाचे गठ्ठे ठेवतात त्या खोलीत दाराला स्टूल लावून काढते ती. घरी आणून ठेवते, दुसऱ्या दिवशी बाळाला पाजायला. आणि मी ते मोरीत ओतायची. रोज. शिळं वाटायचं — नाही, शिळं हे निमित्त. मला वाटायचं, आईनं बसून पाजावं, हे बाटलीतलं कसलं आईपण? गाईचं दूध पाजायची मी, पाणी घालून. बाळाचं पोट बिघडलं. आणि ती संध्याकाळी रिकामी बाटली उजेडात धरून म्हणायची, सगळं प्यायलं गं माझं बाळ! चेहरा फुलायचा तिचा. मागच्या आठवड्यात म्हणाली, माझ्याच दुधात काही दोष असेल, पोट बरं राहत नाही, नोकरी सोडते. ती सोडली तर घर कशावर चालायचं?  कापशीला पाहिल्यापासून सुनेचंच दूध पाजतेय, पोटही ठीक आहे बाळाचं, पण तोंड उघडत नाही माझं. तिला अजून वाटतंय दोष तिचाच. राजीनाम्याचं उद्या बोलणार आहे साहेबांशी. तुमच्यापाशी कसं भडाभडा बोलले बघा, आणि तिच्यापाशी —

तुम्ही माझ्या मागे काय बघताय?

...कधीची उभी आहेस गं? मोरीचं ऐकलंस? ...बस ना. नको बसूस. पिल्लांचं डॉक्टर काय म्हणाले? चारही बरी? ...बरी आहेत हो, ऐकलंत?

बाळ उठलं. घे, घे तुझं तुला, मी काही — पिशवीत काय शोधतेस? ही... ही तुझ्या दुधाची बाटली मला कशाला? तू आहेस ना इथं, तूच — माझ्या हातानं? अगं, थांब, हात पुसू दे. ...दे. डोकं जरा वर धर त्याचं. हं. लागलं प्यायला.

आणि तुम्ही हो, मांजरवाल्या बाई, आता अगदी बोलू नका. बाळ पितंय.