भाषणाला हलगी

शाहू महाराजांच्या काळातली गोष्ट. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. आजऱ्याचा गुंडू ओसरीत बसला होता. शेजारी बापलेक बोलत होते.

“हुसेन, जिंकलास तर काय रं?”

“मुंबईला ऑनर्स शिकायची स्कॉलरशिप, बाबा! एकालाच हाय. पर ही हलगी कशाला?”

“कोडोलीचं पोरगं मैदानात उतरतंय आन् हलगी न्हाय?”

“कुस्ती न्हवं, इंग्रजीत भाषण हाय!”

“मग तर जोरात वाजवतो! जोड कोण?”

“हे काय, शेजारीच बसल्यात. पयलं भाषण ह्यांचंच.”

म्हातारा गुंडूकडं वळला. “पावणं, तुमच्याकडनं कोण आलंय?”

“कोण न्हाय.”

“मग नाव पुकारलं की हलगी तुमची!”

“बाबा! हे जिंकले तर मी घरी!”

“व्हय की. पर म्हणून पोराला बिनहलगीचं आत धाडायचं?”