एका हिसक्यात सुटणारी कडी

"हॅलो?… हॅलो, दादूस?"

फोन तिनं पहिल्याच घंटेला उचलला होता. पलीकडे वारा होता. दूर कुठंतरी माणसांची कुजबुज होती, एखादं इंजिन सुरू होऊ पाहत होतं आणि खोकून पुन्हा बंद पडत होतं. या साऱ्याच्या अलीकडे, फोनला अगदी लागून, तिच्या थोरल्या भावाचा श्वास होता. विपुलचा श्वास हर्षलाला हजारांतून ओळखता आला असता. ज्याच्यासोबत वर्षानुवर्षं पाण्याखाली काढली, त्याला माणूस आवाजावरून ओळखत नाही. त्याच्या बुडबुड्यांची लय मनात मुरलेली असते.

"कटला का फोन?… नाय ना. मग बोल ना रं."

मोहोपाड्याच्या कॉलनीतलं ते दुसऱ्या मजल्यावरचं घर दुपारी इतकं निःशब्द असे, की फ्रिजची घरघरसुद्धा सोबत वाटावी. नवरा कारखान्यात, ती सकाळपाळी संपवून परतलेली. फोन तिनं डाव्या कानाशी धरला होता. दोन वर्षांपूर्वी धरणाच्या तळाशी काम करताना उजव्या कानाचा पडदा फाटला, आणि यापुढे पाण्याखाली जायचं नाही, असं डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर सही करता करता सांगून टाकलं होतं. तिनं ते विपुलला कळवलं. त्यानं तिचा मास्क गोड्या पाण्यानं धुतला, फडक्यात गुंडाळला आणि तिच्या हाती दिला. त्यानंतर तो कधी या घराचा जिना चढला नाही. दिवाळीला आईनं, मोतीबाईनं, फोन लावला तेव्हाही दादूस बाहेर गेलेला होता. तो नेहमीच बाहेर गेलेला असे.

"काय?… क्लिप?… कुठली क्लिप? हां, लांब नळीची."

बोलायला विषय सापडला होता, आणि तोही असा, की जो त्या दोघांखेरीज साऱ्या खालापूर तालुक्यात कुणाला फारसा ठाऊक नसावा. तिनं खुर्ची ओढली. घाईनं, जणू तो विचार बदलेल या भीतीनं, ती बोलत सुटली.

"हो, हो… ऐक ना. आधी नळीला गाठ मारायची. तोंडात धरायचा भाग हाय ना, त्याच्या चार बोटं खाली… अरे माझी चार बोटं, तुझी नायत. तुझी चार बोटं म्हणजे हातभर."

पलीकडे तो हसला असावा. हसू आवाजात आलं नाही. श्वास फक्त जरासा अडखळला. तिला तेवढंही पुरलं.

पाठीवरच्या सिलिंडरमधून हवेच्या दोन नळ्या निघतात. आखूड नळी आपल्या गळ्याशी असते, आपल्यासाठी राखून ठेवलेली. लांब नळी असते ती सोबत्यासाठी: पाण्याखाली त्याची हवा संपली, तर ती त्याच्या तोंडात द्यायची आणि दोघांनी एकाच सिलिंडरवर वर यायचं. काठावर चालताना ही लांब नळी चिखलात लोळू नये म्हणून एका क्लिपनं खांद्याच्या कडीला अडकवतात. आणि ती नेमकी अडकलेली असतानाच सोबत्याला हवी झाली तर? त्याच्यासाठी नळी आणि क्लिप यांच्यामध्ये रबराची एक बारीक कडी ओवायची. रोजच्या वापरात ती टिकते. जीव कासावीस झालेल्या माणसानं नळीला हिसका दिला, की तुटते. क्लिप खांद्यावर राहते आणि नळी त्याच्या हाती येते. साऱ्या जोडणीत मुद्दाम दुबळी ठेवलेली ती एकच जागा, आणि ती दुसऱ्यासाठी असते. विपुलच्या जाड बोटांना ती कडी ओवणं जमत नसे. ते काम नेहमीच हर्षलाचं होतं.

खाणीतला फूटव्हॉल्व्ह पुन्हा गाळानं तुंबला का, असं तिनं विचारलं. तसंच होतं. डोंगरपायथ्याच्या जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यावर त्यांच्या गावाची नळयोजना चाले. पाइपाच्या तोंडाशी बसवलेली ती झडप तळाशी अडकली, की गावचे नळ कोरडे पडत, आणि तिथवर उतरायचं काम विपुलचं होतं. तिनं आईच्या गुडघ्याचं विचारलं. मग निलेशचं. ती पाण्यातून बाहेर पडली त्यानंतर निलेशच विपुलचा जोडीदार झाला होता.

"बरा हाय ना?… हां. आजून तसाच बडबडतो का?… चांगलं."

आता तिला कुठंच जायचं नव्हतं. कुठलं रबर वापरायचं, ते किती जाड, ऊन लागून ते कसं कडक होतं, हे सारं तिनं त्याला नव्यानं सांगितलं, आणि आपण सांगतोय ते त्याला माहीत आहे, याचं तिला काही वाटलं नाही.

"दोनदा तुटली? कशानं?… पंपाच्या लोखंडाला घासून. मग जरा जाड कडी घाल… नाय? मग काय घालतोस?"

तो सांगत होता, आणि ती ऐकता ऐकता उभी राहिली.

"दुहेरी नायलॉन… कडी ठेवायचीच नाय? थेट गाठ? अरे, मग ती ओढल्यावर सुटणार कशी? निलेशनं हिसका मारला तर…"

उत्तर आलं. अगदी लहान, दोन-तीन शब्दांचं. ते नीट कळूनही तिनं पुन्हा उच्चारून पाहिलं, जसं अंधारात पायरी आहे की नाही हे पायानं चाचपावं.

"कोण ओढणार हाय, म्हणजे?"

वारा. इंजिन आता बंद होतं.

"दादूस, निलेशला फोन दे… दे ना. दोन शब्द बोलते त्याच्याशी."

"…माथेरानला? हॉटेलात कामाला? कधीपासून?"

"दिवाळीपासून. आणि मघाशी मी विचारलं तर बरा हाय म्हणालास… हो, खोटं कुठं बोललास. बरा असेलच तो. थंड हवेत हाय."

तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. खिडकीबाहेर कारखान्याची धुराडी होती, त्यांच्यामागे दुपारच्या धुरकट उजेडात विरघळलेली डोंगराची रेघ. दिवाळीपासून तो त्या हिरव्या, मुक्या पाण्यात एकटा उतरत होता. लांब नळी मात्र दर वेळी बरोबर नेत होता, खांद्याला अडकवून, सोबत नसलेल्या कुणासाठी तरी. आणि आज ती त्याला पक्की बांधून टाकायची होती. गाठ मारून तो फक्त मान्य करणार होता, की आता पाण्याखाली त्याच्याकडं कुणी हात पसरणार नाही.

"किती वेळा उतरलास असा?… बरं, नको सांगूस."

"…माणसं हायत काठावर, ते ऐकलं मी. आख्खं गाव असेल. गाव काठावर हाय रं. पाण्यात कोण हाय?"

तो समजावू लागला. खाणीत ऊन थेट तळापर्यंत पोचतं ते दुपारी थोडाच वेळ. मग डोंगराची सावली येते आणि हाताला हात दिसत नाही. आज राहिलं तर उद्यावर गेलं, आणि गावात दोन दिवस पाणी नाही. हे सारं तिला पाठ होतं, तरी ती हो-हो करत राहिली. तो एका दमात इतकं बोलतोय, हे ऐकणंच तिला त्या क्षणी इतकं गोड आणि इतकं भीतीदायक वाटत होतं.

"तिथं जुन्या तारा हायत, पंपाच्या बाजूला… हो, तुला माहीत हाय. माझा पाय अडकला होता तेव्हा तार तूच कापलीस ना. तुझा अडकला तर?"



मग तिनं आवाज खाली आणला. लहानपणी शेताच्या बांधावर त्याच्यामागून चालताना, तो रागावलेला असला की ती ज्या आवाजात त्याला हाक मारी, त्या आवाजात ती बोलली.

"दादूस, नायलॉनची गाठ तुला येते. मला ती तूच शिकवलीस. त्याच्यासाठी कोण फोन करतं?"

"…आईला सांगितलंस आज उतरतोस म्हणून?… नाय."

"मग मला सांगायला फोन केलास. खाली गेलो हे कुणाला तरी ठाऊक असावं म्हणून. तसंच ना?"

पलीकडचा श्वास थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आता तो संथ होता, मोजून घेतलेला. पाण्यात शिरण्यापूर्वी तो असाच श्वास घेत असे. ते ओळखताच ती घाईला आली. टेबलावरचा रुमाल, पर्स, स्कूटीची किल्ली, जे हाताला लागेल ते तिनं उचललं.

"हे बघ, मी येते. चौक गावावरून आले तर पाऊण तासात पोचेन… पाण्यात नाय उतरणार रं, कानाचं मला कळतं. काठावर बसते. तुझ्या कमरेला दोर बांध, दुसरं टोक माझ्या हातात दे. तू दोनदा ओढलंस की मी ओढेन. आणि सावली आली तर उद्या. उद्या सुट्टी काढते. गाव एक दिवस टँकरचं पाणी पिईल, त्यानं कोण मरत नाय."

"…ऐकतोस ना? मी दोन वर्षं इथं बसून हाय, दादूस. मला एवढं तरी करू दे."

"मी येईपर्यंत थांबशील का? हो म्हण, नायतर नाय म्हण. पण बोल."

त्यानं फोन कापला नाही. तो कुठल्याशा दगडावर ठेवल्याचा आवाज आला, हलकाच, झोपलेल्या मुलाशेजारून उठावं तसा. पट्ट्याचं बक्कल लागलं. कुणीतरी त्याला इंजिनाचं काही विचारलं. मग पाठीवर सिलिंडरचं ओझं घेतलेली, रुंद टाकलेली जड पावलं खडीवर वाजू लागली.

ती दारात उभी होती. किल्ली मुठीत रुतत होती. जिन्यात फोनला रेंज नसे. एक पायरी उतरली की हा आवाजही जाणार, आणि उतरल्याशिवाय तिथं पोचता येणार नव्हतं. तिनं त्याला पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा, मोठ्यानं. दगडावरच्या त्या फोनमधून तिचा आवाज खाणीच्या काठावर नक्की ऐकू जात असणार.

पावलं एकाच चालीनं उतार उतरत पाण्याकडं गेली, लहान होत, आणखी लहान होत.