केक केवढा, मजकूर केवढा!

...आणि वर मलाच विचारतो, "दाजी, केक अर्धा किलोने वाढवता येईल का? शेवटचा परिच्छेद राहिलाय!" परिच्छेद! केकवर! अहो, गिऱ्हाईक समोर ताटकळतंय, बाहेर त्याची गाडी चालू, घरी पोरं टोप्या घालून बसलेली, आणि हा पठ्ठ्या क्रीमचा कोन हातात धरून छताकडे बघतोय. का? तर शेवट सुचत नाहीये! तुम्हाला सांगतो, असं डोकं फिरलं माझं... पण करता काय? बायकोचा भाऊ. सख्खा. धाकटा. एकुलता एक. आता बोला!

तसं आमचं दुकान लहानच. पुढे काचेचं कपाट, मागे भट्टी, मध्ये मी. केकवर नावं घालायला माणूस हवा होता. बायको म्हणाली, "अहो, माझ्या भावाला घ्या ना! अक्षर बघा त्याचं, मोत्यासारखं!" आहे ना, मोत्यासारखंच आहे, नाही कोण म्हणतंय? पण मोती किती ओतायचे याला काही सुमार? त्याला लिहिण्याचा आजारच आहे हो. मैदा सांडला, लिही त्यात बोटाने. काचेवर वाफ धरली, लिही काचेवर. मी पुसायला गेलो की म्हणतो, "थांबा दाजी, वाक्य अर्धं आहे!" मध्ये एकदा हात भाजला म्हणून मी त्याला लिहू दिलं नाही, तर ह्याची अन्नावरची वासनाच उडाली. ताटात नुसती बोटं फिरवत बसायचा. लगेच सासूबाईंचा फोन, "जावईबापू, लेकरू वाळलं हो माझं, लिहू द्या त्याला काहीतरी!" लेकरू! चाळिशीला टेकलंय लेकरू!

एक बाई आल्या. मागणी साधी, 'आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा'. लिहायचं आणि मोकळं व्हायचं की नाही? छे! हा कोन खाली ठेवतो आणि विचारतो, "आईचा स्वभाव कसा आहे हो?" मेलो! या प्रश्नावर कुठली लेक गप्प बसेल? बाईंनी सुरुवात केली, मग डोळे पुसले, मग मी स्टूल दिलं, मग पाणी दिलं... आणि ह्याने लिहिलं. वरची जागा संपली तसा कडेने गोल गोल खाली उतरला, तिथून पुठ्ठ्यावर! घरी म्हणे सगळे जण टेबलाभोवती फेऱ्या मारत वाचत होते, एकमेकांच्या पायावर पाय देत. मेणबत्ती लावायला जागाच नाही, शेवटी मोठ्या जावयाने ती हातात धरली. काय म्हणावं? केक केवढा, मजकूर केवढा!

बरं, इतपत ठीक होतं. पण चौकात ती मोठी कचेरी आहे ना, तिचे सगळे केक आमच्याकडून जायचे. दुकान चालायचं ते त्यांच्या जिवावर, खोटं कशाला बोलू? तिथले रोखपाल निवृत्त होणार होते. साहेबांनी मला बजावलं, "दोन शब्द. हार्दिक शुभेच्छा." मी मेहुण्याला बजावलं, "दोन शब्द!" तो म्हणाला, "हो दाजी, दोनच." मी भट्टीकडे वळलो मात्र, आणि नेमका कचेरीचा शिपाई केक न्यायला लवकर आला. आला तो आला, वर बोलका निघाला! आता ह्याला विचारल्याशिवाय राहवतंय होय? "रोखपाल कसे होते हो?" झालं कल्याण!

रोखपाल म्हणजे असा माणूस, की उभ्या नोकरीत खिडकीतून "पुढचे!" एवढाच शब्द बोललेला. समारंभात केक समोर आला. त्यावर काय, तर 'खिडकी उघडण्याआधी तुम्ही रोज चष्मा पुसायचात, समोरचा माणूस नीट दिसावा म्हणून. उद्या खिडकी उघडेल, पण आमच्याकडे तसं बघणार कोण?' आणि ही फक्त सुरुवात, बरं का! रोखपालांनी सगळं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. साहेबांनी सुरी पुढे केली. त्यांनी सुरी घेतली, खिशात घातली आणि म्हणाले, "हा कापायचा नाही. हा मी घरी नेणार." आणि केक उचलून चालू पडले हो! सगळी कचेरी हातात कागदी बश्या घेऊन उभी, साहेबांचं भाषण साहेबांच्याच खिशात!

तासाभरात साहेब दुकानात, लालेलाल. "आम्ही केक मागवला होता, मानपत्र नाही! उद्यापासून तुमचं-आमचं संपलं!" माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. मेहुण्याकडे वळलो, तर तो विचारतो, "पण दाजी, त्यांना आवडलं ना?"

ठरवलं, बास. हा तरी राहील नाहीतर दुकान तरी. घरी गेलो, बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तो स्वतःहून गेला तर माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही काढलंत ना, तर बघा." काय बघा ते सांगितलं नाही. संसार केलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मेहुण्याला गोडीत घेतलं. म्हटलं, "हे बघ, तूच राजीनामा लिहून दे, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको." वाटलं, रडेल, भांडेल. तर चेहरा असा उजळला म्हणता! "किती मोठा चालेल, दाजी?" मी म्हटलं, "एक ओळ!" खाली बघायला लागला. हळूच म्हणाला, "माझी इथली सगळी वर्षं... एका ओळीत?" आणि डोळ्यांत पाणी! मी पण माणूसच आहे हो. म्हटलं, "बरं बाबा, तुला हवा तेवढा लिही. पण पूर्ण कर आणि जा."

तिथेच माती खाल्ली मी!

तेव्हापासून लिहितोय. दुकानात येतो, केक करतो, जागा मिळेल तिथे बसून राजीनामा लिहितो. विचारलं की म्हणतो, "अजून मी दुकानात पाऊल टाकलेलं नाही, दाजी. लहानपण चाललंय." बायको रोज दुपारी पानं वाचते, हसते काय, रडते काय! आणि परवा कोण यावं? तेच साहेब! इकडेतिकडे बघत, आवाज खाली. "अहो... पुढच्या महिन्यात मीही निवृत्त होतोय. तर ते तुमचे... लिहितील का माझ्यावर?" मी म्हटलं, "साहेब, पण कापायचं काय?" तर म्हणाले, "दोन करा. एक खायला, एक वाचायला." कचेरी परत आली, आता ह्याला घालवायचा कशाला, तुम्हीच म्हणाल. मीही तेच म्हटलं, "जाऊ दे रे, फाडून टाक तो राजीनामा." तर मलाच म्हणतो, "आता? दाजी, आता कुठे रंगात आलाय!"

तो गिऱ्हाइकात गुंतलेला बघून काल मी ती पानं उघडली. म्हटलं बघू तरी काय एवढं. आणि त्यात मी आलो हो! 'दाजी दारात उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच...' संपलं पान! पहिल्यांदाच काय? काय केलं मी? मला आठवेना, बायको सांगेना, हा म्हणतो, "कागद संपलेत, दाजी."

काय करणार? आत्ता त्याच्यासाठी कागदच आणायला निघालोय.