गाळलेल्या फेऱ्या

—नाही वहिनी, त्या स्टुलाजवळ नको, तिथंच पडला तुमचा नवरा, इकडे बसा. डाग धुतला मी, पण लाकूड रक्त पितं हो. काय सांगत होतो? हां, आमचं काम. मधल्या यंत्रातून जुळे प्रकाशकण निघतात — एक पलीकडच्या खोलीत त्याच्याकडे, एक इथं माझ्याकडे. माझ्या कणावर दोनपैकी एक क्रिया होते, कुठली ते मी ओळखायचं. तो तिकडे जसं मोजेल तसा माझा कण वळतो, न शिवता! मग ओळखणं सोपं. पण वाटेत जोड्या बिघडतात, म्हणून त्याच्या बाजूला चाळणी — एक तिरकी काच. चांगली जोडी पुढं, बाकीच्या फेऱ्या बाद. यात लबाडी काय? काहीच नाही. फक्त माझं उत्तर चाळणीला कळता कामा नये. आणि आमच्या चाळणीला कळत होतं! कपाटामागून वायर. मी चुकलो की ती फेरीच बाद. शंभरात एक्याण्णव बरोबर — वर्षभर टाळ्या घेतल्या.

वायर कोणाची? त्याचीच — म्हणजे, सोल्डर मी केली, पण गप्प बसला ना तोही? मग परवा दुपारी एकदम हरिश्चंद्र व्हायचं काय नडलं होतं? वायर कापायला कात्री घेऊन आला. म्हणे, उद्या सगळं सांगून टाकतो. माझी पंधरा वर्षं, वहिनी! कात्री हिसकावली, तो टेबलाच्या कडेवर आपटला. अपघात. दोन जखमा? कोण म्हणालं दोन? डॉक्टर काय, काहीही — बरं, दोन. अहो, तो उठत होता! तोंडभर रक्त आणि हात पुन्हा वायरीकडे. तो लेन्सचा लोखंडी खांब दिसतोय ना, तोच घातला. ओली फळी मोडावी तसा आवाज आला. तिसरा घाव फरशीला लागला, नाहीतर — हे बाद धरा. पाय घसरला, एवढंच ठेवा.

तुम्ही रडत का नाही? मघापासून बघतोय. शुद्धीवर येणार नाही म्हणाले होते ना डॉक्टर? — काय? सकाळीच? बोलला? मग एवढा वेळ मला का बोलू दिलंत? दाराबाहेर कोण आहे? वहिनी, कडीला हात लावू नका. सांगतोय ना, लावू न—