पडद्यावरची नदी

नलिनी : पासपोर्ट दे आधी. मग काय बोलायचं ते बोल.

निलेश : आई, बाबांना जाऊन आठ महिने झालेत फक्त. वर्षाच्या आत तू आल्प्स बघायला निघालीस? गावाहून काका फोन करून माझं डोकं खातील.

नलिनी : खाऊ देत. सांग त्याला, वहिनी ऐकत नाही. त्याला काय नवीन आहे ते?

निलेश : आणि गुडघे? आल्प्समधल्या त्या गावात नदी वरून दिसत नाही. घळीत दोनशे पायऱ्या उतरायच्या, तेवढ्याच चढायच्या. टूरवाला स्वतः म्हणाला, सीनियर लोकांना आम्ही वरच चहा देऊन बसवतो.

नलिनी : चहा इथे दिंडोशीत मिळत नाही काय? अपूर्वा, सांग गो तुझ्या नवऱ्याला.

अपूर्वा : दोन महिने आईंनी लिफ्टला हात लावलेला नाही. सात मजले, दिवसातून दोनदा.

निलेश : तू पण सामील?

अपूर्वा : सामील काय, टूर मीच बुक केलीय.

निलेश : झकास! म्हणजे घरात मीच येडा. आई, हे बघ ना फोनवर. तेच गाव, तोच लाकडी पूल, खाली नदी. झालं दर्शन.

नलिनी : ह्या फोटोत नदी निळी, त्या फोटोत हिरवी. कुठली खरी? तुझे बाबा म्हणायचे, रंग उन्हात बघावा, नाहीतर बघितला म्हणू नये.

निलेश : नदीच्या रंगाचं काय एवढं?

नलिनी : तुका म्हायत नाय. तू तेव्हा पाळण्यात होतास. अंधेरीच्या स्टुडिओत सिनेमातल्या एका गाण्यासाठी, नाचणाऱ्यांच्या मागे लावायला, ह्यांनी त्या गावाचा पडदा रंगवला. कॅलेंडर बघून, बावीस दिवस खपून. नदी हिरवी काढली, दुधात पाला वाटून घातल्यासारखी. डायरेक्टर आला आणि सगळ्या युनिटसमोर ओरडला, 'अरे अंधे, नदी कभी हरी होती है क्या?' सगळे फिदीफिदी हसले. मी डबा घेऊन दारात उभी.

निलेश : बाबा कधीच बोलले नाहीत हे.

नलिनी : ते कशाला बोलतील! गपचूप निळा मारला. डबा तसाच घरी आला. मला इतका राग आला होता, त्या डायरेक्टरचा आणि ह्यांचा पण. मग जन्मभर एकच, 'नलू, ती हिरवीच होती गो.' शेवटी हॉस्पिटलातसुद्धा. आणि मेल्या, त्या माणसाचं वर्ष मी घरात बसून पाळू?

अपूर्वा : निलेश, काढ तो पासपोर्ट.

(निलेश कपाटातून पासपोर्टचं पाकीट काढतो. त्यातून कापडाची एक पट्टी खाली पडते.)

निलेश : ही चिंधी कसली?

नलिनी : चिंधी म्हणू नको! पडद्याच्या कडेची आहे. निळा मारायच्या आधी ह्यांनी कापून ठेवलेली. नदीसमोर धरून रंग जुळतो का बघणार मी.

निलेश : तिथे? सगळ्या टूरसमोर?

नलिनी : सगळ्या टूरसमोर. कोणाला हसायचं तर हसू दे, मी हात खाली करायची नाही.

निलेश : घे बाई. उद्या व्हिसाचे ठसे द्यायला मीच सोडतो तुला.

नलिनी : रिक्षाने जाईन म्हटलं होतं. बरं, सोड.

निलेश : आई, आणि नदी निळीच निघाली तर?

नलिनी : तर परत येऊन तुला सांगेन, हिरवीच होती.